उंचवट्यामागची घंटा

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी एका निवृत्त न्यायाधीशांची वरची कवळी मेणात बसवत होतो. "रविवारी आपण तिघं असू," ते म्हणाले. "चालेल ना?" मी चालेल म्हणालो. न चालायला काय झालं, असंही वर म्हणालो. मग फोन ठेवला, दिवा जवळ ओढला आणि डावीकडचा सुळा उजवीकडे बसवून मोकळा झालो. चूक लक्षात आली ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं तेव्हा. न्यायाधीश त्या कवळीनिशी हसले असते तर समोरच्यानं गुन्हा नसताना कबुली दिली असती. मी मेण पुन्हा ऊन केलं, दात काढले, पुन्हा लावायला बसलो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं आयुष्यभर त्यावरच भरलं आहे, आणि हात असा कधी चुकला नव्हता. तिघं, एवढंच तर म्हणाले होते. तिसरं कोण ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघांनीही तोंडात मूग धरले.

तिघं आम्ही पूर्वीही होतो. मी, भाऊजी आणि माझी ताई. ताई गेली आणि आम्ही दोघं उरलो, आणि दोघंच दर रविवारी गावाबाहेरच्या झाडीतल्या त्या छोट्या गोल्फच्या मैदानावर जात राहिलो. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगले येतात, पांढरे बूट येतात, पोटं सुटलेले कारखानदार येतात. आमचं मैदान तसलं नाही. ते सार्वजनिक आहे. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, लाकडी खोलीच्या खिडकीतून काठ्या भाड्यानं घ्यायच्या आणि झाडांत शिरायचं. क्लब हा शब्द आम्ही कधी वापरला नाही, आम्ही काठीच म्हणतो. नऊ होल, सगळे आखूड, एकेका होलकडे जाणारी वाट दोन्हीकडून झाडांनी दाबलेली. चेंडू जरा तिरका गेला की खोडावर आपटून टक् असा आवाज येतो, आणि मग तो पानांत शोधायचा. खेळण्यापेक्षा शोधण्यात जास्त वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या तोंडात मावेल एवढंच जग बघतो. इथे मान वर केली तरी झाड संपत नाही. पायाखाली ओली पानं, हातात गार लोखंड, पुढे भाऊजींची पाठ. मी सुखी माणूस आहे, असं मला आठवड्यातून एकदा नक्की वाटतं, आणि ते तिथेच वाटतं.

म्हणून मनात पाल चुकचुकली ती साधी नव्हती. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते आता मलाही आठवत नाही, राहून गेलं एवढं खरं. ताईचं घर हेच माझं दुसरं घर, आणि ताई गेल्यावर त्या घरात जायला मला रविवार हे एकच निमित्त उरलं होतं. बहीण होती म्हणून ते माझे भाऊजी. मधला पूलच पडला तर दोन्ही काठांनी एकमेकांना काय म्हणून हाक मारायची? हा प्रश्न आम्ही कधी काढला नाही. रविवारी बसच्या थांब्यावर ते उभे असायचे, "चल रे दंतोपंत" म्हणायचे, आणि प्रश्न आपोआप मिटायचा. आता तिसरं माणूस येणार म्हणजे ती बाई असणार, हे मला कळत होतं. गेल्या काही महिन्यांत भाऊजींच्या सदऱ्यांना इस्त्री दिसायला लागली होती, आणि साधी सर्दी झाली तरी ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जातीनं जात होते. त्यांनी पुन्हा घर मांडावं याला माझा विरोध नव्हता. एकट्या माणसाच्या घरातला पाण्याचा नळसुद्धा जास्त मोठ्यानं गळतो, ते मी जाणतो. मला भीती होती ती माझी. त्या घरात नवं माणूस आलं की पहिल्या बायकोचा भाऊ हा प्राणी तिथे कुठल्या खुर्चीवर बसतो? दोनचार रविवार लाजेकाजेनं बोलावतील, मग फोन उशिरा येईल, मग येणार नाही. कोणाचाच दोष नसेल, आणि माझा रविवार गेलेला असेल.

थांब्यावर ती दोघं आधीच उभी होती. म्हणजे भाऊजी आणि औषधवाल्या बाई. ठेंगण्या, करड्या केसांच्या, अंगात जाड लोकरी जाकीट, पायांत चिखलाचे बूट. भाऊजींनी ओळख करून दिली ती अशी की बाईंचं दुकान कुठे आहे ते सांगितलं, माझी प्रयोगशाळा कुठे आहे ते सांगितलं, आणि आम्ही त्यांचे कोण हे दोघांच्याही बाबतीत गिळून टाकलं. भाऊजी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. दोर कुठे घासतोय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं, पण माणसांशी बोलायची वेळ आली की ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. बसमध्ये बाई माझ्याशी बोलल्या. दुकानात लोक कवळी चिकटवायची पावडर मागताना किती लाजतात, बाकी वाटेल ते खणखणीत आवाजात मागतात आणि ही मात्र कानात कुजबुजून, असं सांगत होत्या. मी हसलो. हसू नये असं ठरवून आलो होतो तरी हसलो. त्यांचे दात स्वतःचे होते, खालचे जरा दाटीवाटीनं उभे, आणि त्या हसताना ते लपवत नव्हत्या.

त्या खेळत होत्या हे मला पहिल्याच होलला कळलं. मी धरून चाललो होतो की त्या नुसत्या बरोबर फिरतील, ताईसारख्या. ताईनं हातात काठी कधी धरली नाही. दोन पोरं खेळतात आणि आई पिशवी सांभाळते तशी ती आमच्याबरोबर चालायची, थर्मास तिच्याकडे, पडलेली पिसं उचलून खिशात घालायची सवय तिची. बाईंनी काठ्या निवडून घेतल्या, दोन वेळा हवेत फिरवून बघितल्या आणि चेंडू सरळ झेंड्याच्या रोखानं मारला. "माझे वडील मैदानाची देखभाल करायचे," त्यांनी सांगितलं, "दुसऱ्या एका मैदानाची." भाऊजी बघत राहिले आणि मग स्वतःचा चेंडू त्यांनी नेमानं झाडात घातला. मला बरं वाटलं. कुठंतरी मनाच्या तळाला मी घाबरलो होतो की त्या ताईच्या जागेवर येऊन उभ्या राहतील, तिचा थर्मास घेऊन, तिच्या वाटेनं. त्या जागेकडे त्या फिरकल्यासुद्धा नाहीत. दुसऱ्या होलला त्यांनी माझा हरवलेला चेंडू शोधून दिला, तिसऱ्याला माझी काठी कशी चुकीची धरलेली आहे ते सांगितलं, आणि चौथ्याला मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे धरली तर चेंडू एवढा छान गेला की मला आतून गुदगुल्या झाल्या. ऊन झाडांतून खाली येत होतं. एकंदरीत सकाळ सुखाची होती, आणि तिच्यात मी खुपत होतो तो माझा मलाच.

सहाव्या होलला उंचवटा आहे. जिथून मारायचं तिथून पलीकडचं काही दिसत नाही. समोर गवताचा चढ, माथ्यावर एक पांढरा खांब, त्याच्या रोखानं मारायचं. हिरवळ आणि झेंडा मागच्या खळग्यात. तिथे एक लोखंडी खांब आणि त्याला टांगलेली घंटा आहे. पुढची माणसं खेळून निघाली की त्यांनी घंटा वाजवायची, म्हणजे मागच्यांना कळतं की खळगा रिकामा झाला, आता मारा. मैदानाचा नियम एवढाच. पण भाऊजींचं त्यात समाधान नव्हतं. लिफ्टचा माणूस, खाली कोणी नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळ दाबणार नाही. पुढच्यांची घंटा ऐकली तरी ते ताईला पाठवायचे. ती झाडांतल्या पायवाटेनं वळसा घालून खळग्यात जायची, बघायची, आणि आमच्यासाठी पुन्हा घंटा वाजवायची. मग आम्ही मारायचो. दुसऱ्या कोणाच्या जथ्यात अशी दोनदा घंटा वाजत नसे. खिडकीवरचा माणूस आम्हांला त्यावरून हसायचा. आणि ताई वेळ लावायची. काय करते ही तिथे, असं आम्ही उभ्या उभ्या म्हणायचो. पिसं वेचत असेल, भाऊजी म्हणायचे. ताई गेल्यावर भाऊजी स्वतः जायला लागले. जायचे, बघायचे, वाजवायचे, धापा टाकत परत यायचे, आणि मग मारायचे. मी चढाकडे बघत एकटा उभा राहायचो.

आज मात्र पुढच्यांची घंटा वाजली तेव्हा भाऊजींनी खिशात हात घातले आणि म्हणाले, "दंतोपंत, आज तू जातोस?"

मी गेलो. दुसरं काय करणार? पायवाटेला लागलो आणि कान गरम झाले. मला बाजूला काढलं, सरळ आहे. दोघांना बोलायचं असेल, आणि मी नको असेन. किती स्वच्छपणे झालं, मी मनात म्हणालो, मला वाटलं होतं त्याला काही महिने लागतील. वाट झाडांच्या मुळांवरून उतरत जाते, मुळं झिजून गुळगुळीत झालेली, आणि कोणाच्या पायांनी झिजली असतील ते आठवून मी जरा हळू चालायला लागलो. खळग्यात मी खेळताना शेकडो वेळा आलो होतो, पण असा एकटा, हातात काठी नसताना, कधी आलो नव्हतो. वाडग्यासारखी जागा. सभोवार मोठी झाडं, मधे हिरवळ, कडेला एक बाक. कोणी नव्हतं. मी घंटेच्या दोरीला हात लावला.

"त्यांना सांगितलंत का?" बाईंचा आवाज आला.

मी दचकून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. आवाज एवढा जवळ होता की जाकिटाची सळसळसुद्धा ऐकू आली. खडकावरून येत होता, की दोन झाडांच्या फटीतून, कोण जाणे, पण उंचवट्यापलीकडे चाललेलं बोलणं या वाडग्यात जसंच्या तसं उतरत होतं. "नाही अजून," भाऊजी म्हणाले. "मग मला आणलंत कशाला? ते बिचारे सकाळपासून माझ्या दातांकडे बघतायत." "तो सगळ्यांच्याच दातांकडे बघतो." मी दोरी सोडली. ऐकू नये हे मला कळत होतं, आणि मी बाकावर बसलो.

"हा माझा मुलगा असता ना, तर तोंडावर सांगितलं असतं," भाऊजी म्हणाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "रुसला असता, भांडला असता, तरी मुलगाच राहिला असता. याचं आणि माझं नातं आता कशावर टेकलंय ते मला दाखवता येत नाही. उद्या हा यायचा थांबला, तर मी कुठल्या हक्कानं त्याला ये म्हणू?"

"आणि ते नको म्हणाले तर?"

"तर तुम्हांला जरा थांबायला सांगेन."

बाई म्हणाल्या, "मी थांबेन. पण माझंही वय काही थांबत नाही." त्यात तक्रार नव्हती. औषधाची मुदत वाचून दाखवावी तसं त्यांनी ते सांगितलं.

मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. मला हसू येत होतं. जी भीती मी आठवडाभर कवळीत, मेणात, उशीत घेऊन फिरत होतो, तीच भीती हा माणूस इस्त्रीच्या सदऱ्याखाली घेऊन फिरत होता. दोघंही एकमेकांना धरून ठेवायला धजत नव्हतो, कारण दोघांनाही वाटत होतं की आपला हक्क संपला. तेवढ्यात भाऊजी वैतागून म्हणाले, "काय करतोय हा तिथे? घंटा वाजवायला हिच्यासारखाच वेळ लावतोय."

हिच्यासारखाच. ताई इथेच बसत होती. या बाकावर, याच जागी, आणि आम्ही दोघं पलीकडे उभे राहून, ती दिसत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नाही असं समजून, मन मोकळं करत होतो. ताई गेल्यावर भाऊजी इथे आले की पलीकडे मी एकटाच उरायचो, आणि एकटा माणूस बोलतो कोणाशी? म्हणून भाऊजी इतके रविवार इथे येऊनही त्यांना काही कळलं नव्हतं. आम्ही तिला मनकवडी म्हणायचो. हिला न सांगता सगळं कळतं, असं आम्ही लोकांना कौतुकानं सांगत फिरलो. मी एकदा पलीकडे उभा राहून भाऊजींना म्हणालो होतो की रविवारी संध्याकाळी घरी जाऊन दिवा लावायचा मला कंटाळा येतो. त्याच दिवशी ताईनं मला जेवायला अडवलं, म्हणाली, पातेलं रिकामं करायला माणूस हवंय. मग ते पातेलं दर रविवारी रिकामं करायला लागायचं. भाऊजींना कामावर वरची जागा मिळाली नाही, ते त्यांनी घरी लपवलं होतं, मला पलीकडे उभं असतानाच सांगितलं होतं, आणि ताईनं त्या आठवड्यात कारण नसताना त्यांना नवे बूट आणले. तिच्या नव्या चष्म्याला आम्ही दोघं पलीकडे उभे राहून पोट धरून हसलो होतो, शाळेची हेडबाई दिसते म्हणालो होतो. तो चष्मा तिनं शेवटपर्यंत बदलला नाही. काच बदलली, फ्रेम तीच. मी बाकावर बसल्या बसल्या मोठ्यानं हसलो. किती पोचलेली होती ही बाई!

आणि मग तो दिवस आठवला. तिच्या तपासणीचा निकाल भाऊजींच्या खिशात होता. पलीकडे उभे राहून आम्ही ठरवत होतो, तिला सांगायचं की नाही. भाऊजी म्हणाले, मला जमणार नाही. मी म्हणालो, मग नको सांगू या, हसतखेळत राहू दे. घंटा वाजेना. वाजली तेव्हा नेहमीसारखीच वाजली. घरी आल्यावर तिनं थर्मास विसळत, पाठमोरी राहून सांगितलं की डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय, तुम्ही दोघं आता चेहरे करून बसू नका. डॉक्टरांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिनं आमचं ओझं उचललं, आणि उचललं हे कळूही दिलं नाही. मी समोरच्या झेंड्याकडे बघत बसलो. वारा नव्हता, तो हलत नव्हता. रडू आलं, पण ते दुःखाचं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं कोणीतरी आपलं नीट, शेवटपर्यंत ऐकत होतं, हे कळल्यावर जे येईल ते होतं. ताईनं ही जागा कोणाला सांगितली नाही, तर मीही सांगणार नाही, एवढं मी ठरवलं.

उठलो, डोळे पुसले, खळगा रिकामा आहे हे एकदा नीट बघितलं आणि दोरी ओढली. घंटेचा आवाज झाडांत दूरवर गेला. मी खोडामागे सरकलो. आधी बाईंचा चेंडू आला, माथा ओलांडून, आणि उतारावर टप्पे घेत हिरवळीच्या कडेला थांबला. मग भाऊजींचा. आयुष्यात त्यांनी असा चेंडू मारला नसेल. तो सरळ उंचावरून आला, हिरवळीवर पडला, घरंगळत झेंड्याच्या हाताभर अलीकडे राहिला, पांढराशुभ्र, आंधळ्यालाही दिसेल असा. पायवाटेनं ती दोघं आली. भाऊजी पुढे, घसा खाकरत. वाटेत काहीतरी पाठ करत आले होते हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

"हे बघ," त्यांनी सुरुवात केली, "तुला एक विचारायचं—" आणि नेहमीप्रमाणे दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. मग मीच म्हणालो, "भाऊजी, लग्न करा. मला आवडेल. बाईही आवडल्या. पण रविवार मी सोडणार नाही, जेवणही सोडणार नाही, आणि तुम्हांला भाऊजी म्हणायचंही सोडणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर कटकट नको."

कसं कळलं, असं भाऊजींनी विचारलं नाही. औषधवाल्या बाईंनी मात्र एकदा उंचवट्याकडे बघितलं, एकदा बाकाकडे, आणि मग माझ्या लाल झालेल्या डोळ्यांकडे. बाई हुशार आहेत. त्या गप्प राहिल्या, आणि त्याच क्षणी मला त्या घरच्या वाटल्या. भाऊजींनी आमच्याकडे पाठ केली, काठी टेकत हिरवळ ओलांडली, चेंडूच्या अगदी शेजारून गेले, आणि पलीकडच्या झुडपात शिरले. "चेंडू कुठे गेला कोण जाणे," ते तिथून म्हणाले. आवाज ओला होता. ते वाकून काठीनं पानं उलटत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बाईंनी झेंड्याजवळच्या चेंडूकडे बोट दाखवून मला खुणेनं विचारलं, सांगू का? मी नको अशी मान हलवली. मग आम्ही दोघं बाकावर बसलो, आणि त्यांना शोधू दिलं.